झाकली मूठ आणि दोन यंत्रे

(शताब्दी महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावरून खेळाविषयी बोलले जावे, आणि तेही यंत्रावरच्या खेळाविषयी, याचे काही ज्येष्ठ सभासदांना नवल वाटेल. तथापि विषय वाटतो तितका परका नाही. एकी-बेकी आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेली आहे. एकाने मुठीत चिंचोके घ्यायचे, मूठ मिटून पुढे करायची आणि विचारायचे, ‘एकी की बेकी?’ दुसऱ्याने उत्तर द्यायचे, मग मूठ उघडायची. या खेळाचे सारे न्यायशास्त्र त्या मिटलेल्या मुठीत सामावलेले आहे. मूठ मिटली की आतले चिंचोके आतल्याला बदलता येत नाहीत आणि बाहेरच्याला दिसत नाहीत. राज्य कुणावर हे ठरवण्यासाठी मुले चकतात, तेव्हा मुठीचे काम क्षण करतो. सगळ्यांचे तळवे एकदमच पडले पाहिजेत. उताणा की पालथा हे आधी कळता कामा नये. एखाद्याचा हात जरा रेंगाळला की ‘रडीचा डाव’ म्हणून गिल्ला होतो. जपानात ‘जान-केन’ या नावाने घरोघरी चालणारा दगड-कागद-कात्रीचा खेळही याच क्षणावर उभा आहे.

ज्यांना मूठ नाही आणि ज्यांचा क्षणही एक नाही, अशा दोन यंत्रांना हा खेळ शिकवायचा ठरवला तर काय होते, हा आजचा विषय आहे.

यंत्र म्हणजे येथे मोठा संगणक अभिप्रेत नाही. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने, म्हणजे बीबीसीने, अनेक कंपन्या आणि संस्थांच्या साहाय्याने ‘मायक्रोबिट’ नावाची एक पट्टी तयार करविली आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना ती विनामूल्य वाटण्यात आली. लांबी ५ सेंटिमीटर, रुंदी ४ सेंटिमीटर. पुढच्या बाजूस पाच रांगांत पाच-पाच असे २५ तांबडे दिवे, दोहो बाजूंस ‘ए’ आणि ‘बी’ ही बटणे, पट्टी हलविल्याचे ओळखणारा संवेदक आणि दुसऱ्या पट्टीशी बिनतारी बोलणारा रेडिओ. रिमोटमध्ये घालतात तसले दोन बारीक सेल तिला पुरतात. संगणकावर आज्ञावली लिहायची, तारेने पट्टी जोडायची, पेनड्राइव्हवर धारिका उतरवावी तशी ती पट्टीत उतरवायची, की तार काढून पट्टी खिशात घालता येते. पट्टीच्या पोटातल्या चिपेला सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. धुलाईयंत्रातही त्याच जातीची चिप असते. फरक इतकाच, की धुलाईयंत्रातल्या चिपेला काय करायचे हे कारखान्याने सांगून ठेवलेले असते आणि या पट्टीला ते मुलाने सांगायचे असते.

बीबीसीचा हा पहिला उद्योग नव्हे. १९८१ च्या अखेरीस तिने केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक बाजारात आणविला होता. भारतातल्या काही शाळांनाही तो पाहायला मिळाला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची संगणक-साक्षरता योजना सुमारे २५० शाळांत सुरू केली, तिच्यासाठी हाच संगणक निवडण्यात आला. त्याच्या ‘बी’ प्रतिकृतीची स्मरणक्षमता ३२ किलोबाइट होती. २०१६ च्या पट्टीची स्मरणक्षमता त्याच्या निम्मी, १६ किलोबाइट; गती मात्र आठपट. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्मरणक्षमता १२८ किलोबाइटवर गेली आणि ध्वनिक्षेपक व मायक्रोफोन यांची भर पडली. आकड्यांचा तपशील एवढाच पुरे. खेळाला १६ किलोबाइटसुद्धा भरपूर होतात.

दोघांनी यंत्रावर खेळायचे ही कल्पनाही जुनी आहे. १९५८ साली अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस मांडले. दोन खेळाडूंच्या हाती एकेक पेटी, पेटीला चेंडूची दिशा ठरवणारी खुंटी आणि फटका मारण्याचे बटण. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला आणि असल्या खेळांच्या व्यापाराने जोर धरला. मात्र या सर्व खेळांत खेळाडू दोन असले तरी यंत्र एकच होते. चेंडू कुठे आहे, गुण किती झाले, हे त्या एका यंत्राला ठाऊक. त्याने सांगितले ते खरे. पंच आपोआपच लाभला होता. दोन मायक्रोबिट समोरासमोर ठेवल्या की हा पंच नाहीसा होतो. प्रत्येक पट्टीला फक्त स्वतःच्या खेळाडूची चाल ठाऊक असते. पलीकडचे जे काही कळायचे ते हवेतून येणाऱ्या निरोपावरून. वर्गात शिकविल्या जाणाऱ्या या इवल्याशा खेळाचे महत्त्व नेमके येथे आहे.

दगड-कागद-कात्री पट्टीवर आणायची प्रचलित रीत अशी: पट्टी हलविली की तिने ०, १ किंवा २ यांपैकी एक अंक यदृच्छेने निवडावा आणि त्याचे चित्र दिव्यांवर दाखवावे. चार-पाच ओळींचे काम. मुले खूश होतात, शिक्षकही. परंतु यात खेळाडू कुठे उरला? निवड यंत्राची, जय यंत्राचा. मुलाने केवळ हात हलवायचा. यापेक्षा ‘ए’ बटणाने तीन चित्रे पाळीपाळीने पाहावीत आणि मनाजोगते आले की ‘बी’ दाबून ते पक्के करावे, ही मांडणी अधिक कष्टाची असली तरी तीच खेळ या नावाला पात्र आहे.

बारा वर्षांच्या मुलाला ‘खेळाचा नियम लिही’ म्हटले तर तो साधारणतः असे लिहितो: ‘दोघांनी बटण दाबायचे आणि जो जिंकेल त्याला हसरे तोंड दाखवायचे.’ माणसाला हे वाक्य पुरते, कारण उरलेले सारे माणूस पदरचे घालतो. यंत्र पदरचे काहीच घालत नाही. बटण एकाने आधी दाबले तर? दोनदा दाबले तर? दाबलेच नाही तर? जिंकला हे कुणी ठरवायचे? एका वाक्याची पंधरा वाक्ये होतात. अट, क्रम, प्रतीक्षा, समाप्ती अशा ज्या गोष्टी बोलताना हातवाऱ्यांत विरून जातात, त्या शब्दांत आणाव्या लागतात.

येथे मराठीच्या अभ्यासकाने कान टवकारावेत असा एक मुद्दा आहे. ‘जर–तर’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जोवर–तोवर’ या जोड्या व्याकरणाच्या तासाला घोकल्या जातात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. आज्ञावलीत त्यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. ‘जर बी बटण दाबलेले असेल, तर चाल पक्की कर’ आणि ‘जेव्हा बी बटण दाबले जाईल, तेव्हा चाल पक्की कर’ ही दोन वाक्ये ऐकायला सारखी वाटतात. पहिल्या वाक्यातला प्रश्न यंत्र त्या ओळीपाशी आल्यावर एकदाच विचारते आणि पुढे जाते. नेमक्या त्या निमिषाला बोट बटणावर नसेल तर संधी गेली. दुसऱ्या वाक्याने यंत्र कायमचे सावध राहते. मायक्रोबिटसाठी पायथन भाषेचे जे रूप वापरतात त्यात तर बटणाला दोन निरनिराळे प्रश्न विचारता येतात: ‘आत्ता दाबलेले आहे का?’ आणि ‘मागे विचारले त्यानंतर कधी दाबले गेले होते का?’ वर्तमान आणि भूत यांच्यातला हा भेद न कळल्याने खेळ अडतो, हा अनुभव अनेक वर्गांत येतो. काळ आणि अर्थ यांचे प्रकरण इतके निकडीचे क्वचितच झाले असेल.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीला या मुद्द्याचे महत्त्व अधिक. येथली मुले शाळेत इंग्रजीत, हिंदीत, गुजरातीत वा कन्नडमध्ये शिकतात. मराठी उरते ती घरच्या जेवणाच्या पंक्तीला, गणेशोत्सवाला आणि ग्रंथालयाच्या बालविभागात. सणावारापुरती उरलेली भाषा गोड राहते, पण तीत विचार करण्याची सवय जाते. आज्ञावलीतले शब्द यंत्राच्या भाषेतले असोत. त्याआधीचा नियम, त्यावरचे भांडण आणि त्या भांडणाचा निकाल मराठीत होऊ शकतो. दोन मुले टेबलावर समोरासमोर बसून ‘तुझा निरोप येईतोवर माझ्या पट्टीने गप्प बसायचे’ असा करार करतात, तेव्हा मराठी कामाला लागलेली असते. अशी कामे भाषेला मिळाली नाहीत तर तिच्या जतनासाठी कितीही समारंभ केले तरी व्यर्थ होत. असो.

जय-पराजय ठरविण्याचा नियम मोठा देखणा आहे. मुले प्रथम नऊ शक्यता लिहून काढतात: तीन बरोबरीच्या, तीन जयाच्या, तीन पराजयाच्या. नऊ ‘जर’ लिहिले तरी खेळ चालतो. पण दगडाला ०, कागदाला १ आणि कात्रीला २ असे अंक देऊन ते वर्तुळात मांडले, तर प्रत्येक अंक आपल्या मागच्याला हरवतो हे ध्यानात येते. कागद दगडाला, कात्री कागदाला आणि फिरून दगड कात्रीला. मग आपल्या अंकातून दुसऱ्याचा अंक वजा करावा, ३ मिळवावे आणि येणाऱ्या संख्येला ३ ने भागून बाकी पाहावी. बाकी ० आली तर बरोबरी, १ आली तर जय, २ आली तर पराजय. नऊ ओळींचे काम एका ओळीत होते. शिवाय दोन्ही पट्ट्या हा हिशेब स्वतंत्रपणे करतात आणि एकीला १ आला की दुसरीला २ येतोच. दोघींचा निकाल जुळतो तो पंचाच्या सांगण्यावरून नव्हे, नियम एकच असल्यामुळे.

तरीही पहिल्याच डावात घोटाळा होतो आणि तो बोधप्रद आहे. दुसऱ्याची चाल साठवण्यासाठी केलेल्या ‘चला’त, म्हणजे बदलत्या संख्येच्या खणात, आरंभी ० असते. पण आपल्या मांडणीत ० म्हणजे दगड! पलीकडच्याने अजून काहीच टाकलेले नसते आणि पट्टी मात्र त्याने दगड टाकला असे समजून निकाल देऊन मोकळी होते. ‘काही नाही’ आणि ‘शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना असे स्वतःच्या चुकीतून कळते. रिकाम्या खणात -१ ठेवायचा आणि दोन्ही खण भरल्याशिवाय निकाल काढायचा नाही, असा त्यावरचा उपाय आहे.

दुसरा घोटाळा रेडिओचा. मायक्रोबिटचा रेडिओ पत्र पाठवीत नाही, दवंडी पिटतो. ० ते २५५ पर्यंत गटक्रमांक असतात आणि एका गटातल्या सर्व पट्ट्यांना सर्व निरोप ऐकू येतात. वर्गातल्या पंधरा जोड्यांनी एकच गटक्रमांक धरला तर कुणाची कात्री कुणाच्या कागदावर चालेल याचा नेम नाही. प्रत्येक जोडीला निराळा क्रमांक दिला की गोंगाट मिटतो. पण दवंडी पोहोचल्याची पोचपावती रेडिओ आपण होऊन देत नाही. निरोप वाटेत हरवू शकतो. मग एक पट्टी जयाचे तोंड दाखवीत बसते आणि दुसरी अद्याप वाटच पाहते. पोचपावतीचा निरोप आपणच लिहावा म्हटले, तर ती पावतीही हरवू शकते. पावतीची पावती मागितली तर तिचीही तीच गत. संगणकशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हा पेच ‘दोन सेनापतीं’च्या गोष्टीने मांडला. दोन टेकड्यांवर दोन सैन्ये, मधल्या दरीत शत्रू, एकदम चढाई केली तरच विजय, आणि जासूद दरीत पकडला जाण्याचे भय. कितीही जासूद पाठविले तरी दोघांनाही पूर्ण खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. खात्री होत नाही म्हणून व्यवहार थांबत नाही. पट्टीने आपला निरोप अर्ध्या अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवीत राहावे आणि निरोपासोबत डावाचा क्रमांक जोडावा, म्हणजे मागच्या डावाचा उशिरा आलेला निरोप या डावात धरला जात नाही. जुन्या पेढ्या हुंडीवर मिती घालीत, ती याच काळजीपोटी.

बोर्ड विकत घेणे प्रत्येकाला जमेल असे नाही. ब्रिटनमधील काही सार्वजनिक ग्रंथालयांनी मायक्रोबिट पुस्तकांप्रमाणे घरी नेण्यास देण्याचा उपक्रम केला. आपल्याकडे या विचाराला परंपरा आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत. पेटीतली वस्तू बदलली तरी पेटी पाठविण्यामागचा हेतू बदलत नाही. ज्यांच्यापाशी पट्टीच नाही त्यांना संगणकाच्या पडद्यावर पट्टीचे चित्र चालवून पाहता येते. आज्ञावलीत रेडिओ वापरला की पडद्यावर दुसरी पट्टीही आपोआप उमटते. प्रारंभ करायला एक संगणक आणि दोन मुले पुरेत.

आता मूळ प्रश्नाकडे. निरोप हरवला नाही, क्रमांक जुळले, हिशेब बरोबर आला. तरी मूठ कुठे आहे? एकाने ‘बी’ दाबताच त्याची चाल हवेतून दुसऱ्याच्या पट्टीत येऊन पडते. ती पट्टी तो अंक लपवून ठेवते, कारण आज्ञावलीत तसे लिहिलेले आहे. पण आज्ञावली मुलानेच लिहिलेली असते! त्याने एक ओळ बदलली, की आलेला अंक आधी पाहून मग आपली चाल ठरविता येते. तो कायमचा जिंकत राहतो आणि दिव्यांवर मात्र सारे रीतसर दिसते. तिसरी पट्टी पंच म्हणून मध्ये ठेवली तरी दवंडी ती दवंडीच, दुसऱ्यालाही ऐकू जाणारच. हा प्रश्न बालिश नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे मॅन्युएल ब्लम यांनी १९८१ मध्ये दूरध्वनीवरून नाणे उडविण्याविषयी निबंध लिहिला. घटस्फोट घेऊन दोन शहरांत राहणाऱ्या पतिपत्नींना मोटार कुणी ठेवायची हे ठरवायचे आहे. एकाने फोनवर ‘छापा’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘काटा पडला’ असे सांगावे, यावर विश्वास कोण ठेवील? ब्लम यांनी मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे कठीण असते या गोष्टीच्या आधारे, समोरासमोर न येताही मूठ मिटता येते असे दाखविले. १९९५ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले.

त्यांची रीत शाळकरी वयाला झेपणारी नाही. परंतु तिचे बीज एकी-बेकीत पेरता येते. मुठीवाल्याने दोन तीन-अंकी मूळ संख्या मनाशी निवडाव्यात. लहान संख्येच्या दशकस्थानी विषम अंक असेल तर एकी, सम असेल तर बेकी. समजा, १२७ आणि १६३ घेतल्या. दशकस्थानी २, म्हणजे बेकी. गुणाकार २०७०१. प्रथम केवळ हा गुणाकार पाठवायचा. समोरच्याला नुसत्या २०७०१ वरून काही उमगत नाही. तो आपला अंदाज पाठवितो. मग मुठीवाला १२७ आणि १६३ उघड करतो आणि समोरचा गुणून पाहतो. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात, हा सिद्धांत येथे राखणदार होऊन उभा राहतो. २०७०१ पाठविल्यावर चिंचोके बदलण्याची सोय उरत नाही.

अर्थात ही मूठ माणसापुरतीच घट्ट आहे. पट्टीला २०७०१ चे अवयव पाडायला सांगितले तर ती १४३ पर्यंतच्या संख्यांनी भागून पाहते, १२७ ला थांबते आणि हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. हे एखाद्या मुलाच्या ध्यानात आले की त्याच्या जोडीदाराला अधिक मोठ्या मूळ संख्या शोधाव्या लागतात, आणि मूळ संख्यांचे कोष्टक छापलेली जुनी गणिताची पुस्तके वरच्या कप्प्यातून खाली काढावी लागतात.